बेचाळिसावी पिढी

तिनं खुर्ची भिंतीकडे वळवली आणि आईकडे पाठ करून बसली.

"आज अशी का बसलीस?"

"तू ऐक. मग सांग, पहिला की दुसरा."

ही पाठ करून बसायची अक्कल ऑफिसातल्या सहकाऱ्याची. बोलणारी यंत्रं घडवणं हा दोघांचा धंदा. गेलेल्या माणसाचा आवाज घडवायची त्याची पद्धत सरळ होती. मूळ आवाज समोर असला की आपण किती चुकलो आणि कुठल्या बाजूला, हे यंत्राला कळतं. मग पायरी पायरीनं चूक कमी करत ते मूळ आवाजापाशी पोचतं. दहा सेकंदांची टेप आण, दुपारपर्यंत तुझे बाबा बोलायला लागतील, असं तो ऐटीत म्हणाला होता. टेप नव्हतीच. बाबा गेले तेव्हा ती दीड वर्षाची होती. हे कळल्यावर त्याचं तोंड एवढंसं झालं.

म्हणून तिनं लांबचा रस्ता धरला. यंत्रानं अंदाजपंचे उभे केलेले बारा आवाज आईला जोडीजोडीनं ऐकवायचे, जवळचे वाटतील ते ठेवायचे, बाकीचे टाकायचे. ठेवलेल्यांची सरमिसळ करायची, थोडं इकडेतिकडे बिघडवायचं, की पुन्हा बारा, पुढची पिढी. यात दिशा कुणालाच ठाऊक नसते, निवडणारा कान तेवढा खरा लागतो. सहकारी याला आंधळी कोशिंबीर म्हणायचा. पण निवडताना आईला तुझा चेहरा दिसू देऊ नकोस, हेही काल त्यानंच सुचवलं होतं.

आजची बेचाळिसावी पिढी. दोन्ही आवाज एकच वाक्य बोलले, बाबा रोज कामाला निघताना म्हणायचे ते. "येतो गं, दार लावून घे."

आईनं पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. चार महिने पटापट बोट दाखवणारी बाई आज नुसती चष्मा पुसत बसली.

"आई?"

"मला त्यांचा आवाज आठवत नाही गं. शब्द आठवतात. तुझा चेहरा ज्याला खुलायचा, तो सांगत होते मी."

चार महिने तीही आईच्याच चेहऱ्याकडे बघत होती. आईचे डोळे जरा हलले, की बाबा सापडल्यासारखे वाटायचे.

"आधी का नाही बोललीस?"

"तुला तरी मिळत होते ना."

मग डोळे पुसून तिनं खुर्ची फिरवली, आईच्या समोर बसली आणि पुढची जोडी लावली. दुसऱ्या आवाजाला ती हसली.

"हाच," आई लगेच म्हणाली.