भाबीच्या मापाचा फेटिया

लग्न ठरलं तेव्हा डोंगरकड्याजवळच्या बंजारा तांड्यातली रुपा एकाच गोष्टीवर अडून बसली. साडी नेसणार नाही, फेटिया-कांचळी घालूनच लग्नाला उभी राहीन. आता तो आरसेवाला घागरा आणि पाठीवर नाड्यांनी आवळायची ती चोळी अख्ख्या तांड्यात उरली होती फक्त म्हाताऱ्या नानीबाईच्या अंगावर. बाकी बाया केव्हाच साडीवर आल्या होत्या. बरं, रुपाला नानीबाईसारखाही नको होता. तिचा स्वतःचा नमुना होता. मोरपंखी साटीन, घेराला लाल पट्टा, आणि आरसे ओळीत नाही, तर खाली दाट, वर विरळ, मूठभर तांदूळ उधळल्यासारखे. कोळशाने तिने तो भिंतीवर काढून दाखवला, तोही नुकत्याच सारवलेल्या भिंतीवर. मिराबाईने, म्हणजे तिच्या याडीने, आईने, कपाळावर हात मारून घेतला आणि संध्याकाळी शेजारणींना बोलावून तीच भिंत कौतुकाने दाखवली.

सिद्धेश्वर गावच्या होणाऱ्या सासूने, पद्माबाईने, निरोप धाडला. पोरीची हौस होऊ द्या, पण आम्ही साडी घेऊन येणार. फेटिया अंगावर शोभला नाही, तर मुकाट्याने आमची साडी नेसायची. रुपाच्या जिवाला तेव्हापासून घोर लागला, आणि चेवही चढला.

नानीबाईने डोळे बारीक करकरून कापडावर आरसे टाकले. शिलाई कळमनुरीच्या सोमेश्वर टेलरकडे द्यायची ठरली. अडलं ते मापाशी. लग्नाची सुपारी फुटल्यावर नवरीने तांड्याची शीव ओलांडायची नाही, यावर मिराबाई ठाम, आणि लग्नसराईत दुकान सोडून यायला टेलर तयार नाही. मग माप द्यायला गेली मिना, रुपाची भाबी. दोघींचा बांधा इतका सारखा की त्या ब्लाउजही एकमेकींचे घालायच्या. मिना आधी का-कू करत होती, पण नणंदेने गळ घातल्यावर गेली बापडी.

हळदीच्या आदल्या दिवशी कपडे आले. पिशवी उघडली तर उन्हात आरसे असे चमकले की बाया डोळ्यांवर हात धरून हसायला लागल्या. रुपा नाचतच आत गेली. फेटिया कमरेला बांधला, तो सरकला. कांचळीच्या नाड्या आवळल्या, तरी चोळी अंगावर लोंबतच राहिली. तिला रडू फुटलं. पद्माबाईची साडी तिच्या डोळ्यांपुढे नाचायला लागली.

बाहेर सगळा तांडा टेलरवर तुटून पडला. भाऊ रणजीतने तर मोटारसायकलला किक मारली. टेलरची गचांडीच धरणार होता तो.

आत मिना एकटीच टेलरला नावं ठेवत नव्हती. रुपा तिच्यावर डाफरली, की तू माप दिलंस ना, तूच घालून दाखव. मिना नको नको म्हणाली. रुपाने ऐकलं नाही. कांचळी मिनाला चढवली, तर ती नेमकी बसली, जराशी घट्टच. रुपा हसायला लागली, आणि मग तिचं लक्ष मिनाच्या चेहऱ्याकडे गेलं.

"मला वाटलं, अजून काही दिसत न्हाई," मिना हळूच म्हणाली. "कुणाला सांगू नको रुपा. तुझ्या भावालाबी न्हाई. त्याच्या पोटात काही ऱ्हात न्हाई."

रुपाला सगळं समजलं. आधी दोनदा मिनाला दिवस गेले होते. दोन्ही वेळा मिराबाईने आनंदाने तांडाभर गूळ वाटला होता, आणि दोन्ही वेळा महिना-दोन महिन्यांत घरात सुतक आल्यासारखं झालं होतं. आनंदाने रुपाचा जीव उड्या मारत होता आणि तोंडातून चकार शब्द काढायची सोय नव्हती. ती डोळे पुसून बाहेर आली.

"दादा, जाऊ नको," ती म्हणाली. "मीच भाबीला सांगितलं व्हतं, ढिला शिवायला सांग म्हणून. नाचायचंय ना मला."

लोक तिला वेडी म्हणाले. तिने हसत ऐकून घेतलं. मग दार लावून नणंद-भावजया बसल्या आणि आरशांना धक्का न लावता जास्तीचं कापड आत मुडपून टाके घातले. लग्नात रुपा अशी दिसली की मांडवातली माणसं जेवण विसरली. पद्माबाईने तिला पुढून-मागून न्याहाळलं आणि साडीचा डबा न उघडताच बाजूला ठेवला.

निघायची वेळ आली. बंजाऱ्यांत नवरी एकेकाच्या गळ्यात पडून रडत गाते, त्याला ढावलो म्हणतात. रुपा याडीच्या गळ्यात पडली. मिराबाईने तर हंबरडाच फोडला. माझं घर रिकामं झालं, आता या अंगणात कोण नाचणार, असं एकच तिचं चाललं होतं. कुणाच्यानं ती आवरेना.

तेव्हा मिना पुढे झाली. तिने सासूचा हात धरला आणि सगळ्यांदेखत आपल्या पोटावर ठेवला.

"याडी, घर रिकामं न्हाई व्हऊन राहिलं," ती म्हणाली.

मिराबाईचं रडणं थांबलं. रणजीत बघतच राहिला. रुपाने मिनाला घट्ट मिठी मारली आणि पुढचा ढावलो गायला तोंड उघडलं, पण तिला नुसतं हसूच येत होतं.