बिनबटणाचा सिंह

मी सिंह बोलतोय. हसू नका. जुन्या पिवळ्या पडद्यातून कापलेला आहे, आयाळ लोकरीची आहे, एक डोळा दुसऱ्यापेक्षा बोटभर वर आहे, हे सगळं मला ठाऊक आहे. पण नेमणूक सिंहाची आहे, आणि अकरा वर्षं ती मी इमानेइतबारे बजावली आहे.

माझा जन्म शिलाई मशीनवर झाला. माझी मालकीण लोकांचे कपडे शिवते आणि दर रविवारी चर्चच्या मागच्या खोलीत मुलांना बायबलमधल्या गोष्टी सांगते. मुलं तिला बाई म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. दानीएलच्या गोष्टीसाठी तिला सिंह हवे होते. तिने एका दुपारी चार शिवून टाकले. पोटात चिंध्या कोंबल्या, तोंडाला आतून लाल अस्तर लावलं आणि ओठांना एकेक टिचबटण. बटण उघडं असलं की सिंह भुकेला, टिच करून लावलं की गप्प.

बाकीच्या तिघांपैकी एकाला कुत्र्याने पळवलं, एक धुण्यात आटला आणि एक कुणाच्या तरी दप्तरातून घरी गेला तो गेलाच. उरलो मी. माझ्या पोटात उजवीकडे पहिल्या दिवसापासून काहीतरी टोचायचं. पण सिंहाने कुरकुर करायची नसते.

गोष्ट ठरलेली. राजाचा हुकूम सुटतो की राजाशिवाय कुणापुढे हात जोडायचे नाहीत. दानीएल मात्र रोजच्यासारखा खिडकी उघडून देवापुढे गुडघे टेकतो, आणि त्याला आमच्या गुहेत टाकतात. देव सिंहांची तोंडं बंद करतो आणि सकाळी दानीएल जिवंत बाहेर येतो. गुहा म्हणजे बुटांचं खोकं, दानीएल म्हणजे कापड गुंडाळलेला लाकडी चमचा. बाई काय करायची, तर चमचा खोक्यात सोडण्याआधीच माझं बटण लावून टाकायची. लहानग्यांनी घाबरू नये म्हणून.

गेल्या वर्षी पुढचे दोन दात पडलेल्या एका मुलीने विचारलं, आत टाकलं तेव्हा दानीएलला माहीत होतं का, की सिंह तोंड उघडणार नाहीत? बाई म्हणाली, तू पुढे ऐक. पुढच्या खेपेला तोच प्रश्न आणि तेच उत्तर. बाईला उत्तर येत नाही, हे मी तेव्हाच ओळखलं.

मग बाईचं डोकं दुखायला लागलं. डाव्या डोळ्याला कडेचं दिसेना, सुईत दोरा जाईना. एका सदऱ्याची बाही तिने उलटी जोडली, जे तिच्या हातून जन्मात झालं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, डोक्यात गाठ दिसतेय. मशीनमध्ये झोपवून नीट फोटो काढल्याशिवाय ऑपरेशन करता येणार नाही, आणि उशीर केलात तर डोळा तर जाईलच, पुढचं सांगता येत नाही.

आता बाईची एक गंमत सांगतो. ती लिफ्टमध्ये चढत नाही. गिऱ्हाईक सहाव्या मजल्यावर असलं तरी टेप गळ्यात घालून जिने चढते. बंद जागेत तिचा जीव गुदमरतो. त्या मशीनच्या बोगद्यात ती दोनदा झोपली आणि दोन्ही वेळा, घाबरलात तर दाबा म्हणून हातात दिलेला रबरी फुगा दाबून बाहेर आली. तिची छाती नाजूक, म्हणून नुसत्या फोटोसाठी गुंगीचं औषध द्यायला डॉक्टर तयार नव्हते.

दुसऱ्यांदा परत आली तेव्हा तिने शिलाई मशीनवर कव्हर घातलं आणि लेकीला म्हणाली, "अकरा वर्षं मुलांना विश्वास ठेवा म्हणून सांगत आले गं. माझ्याचपाशी नाहीये."

लेकीने दवाखान्यातून तिसरी तारीख घेतली. त्या दिवशी तिने मला खोक्यातून उचललं आणि पिशवीत घातलं. मला कुणी विचारलं नाही.

दवाखान्यात मशीन चालवणारा माणूस शांत होता, सर्दी झालेला. त्या मशीनजवळ धातू चालत नाही, म्हणून बाईच्या बांगड्या, पिना, चष्मा सगळं काढून झालं, पण मी तिच्या मुठीत होतो. तो म्हणाला, मावशी, हा येणार असेल तर यालाही तपासावं लागेल. त्याने हातातलं यंत्र माझ्यावरून फिरवलं. तोंडापाशी ते किंचाळलं. पोटापाशीही किंचाळलं. त्याने नाक पुसलं आणि विचारलं, याने काय खाल्लंय?

बाई हसली. कितीतरी दिवसांनी हसली. तिने कात्री मागून घेतली, माझी शिवण उसवली, चिंध्यांत बोटं घातली आणि एक टाचणी बाहेर काढली. अकरा वर्षांचं माझं दुखणं संपलं, त्याबद्दल मी आभारी आहे. मग तिने बटणाचे दोन्ही भाग कापले. माझा जबडा खाली पडला. लाल अस्तर दिसायला लागलं. तिचा अंगठा सवयीने बटण शोधत राहिला, आणि बटण नव्हतं.

ती माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत बसली. लेकीने विचारलं, दोरा मागू का, दोन टाके घालतेस?

"नको, उघडंच राहू दे," बाई म्हणाली. "दानीएलला कुठे माहीत होतं? तरी गेला तो."

"आई, भीती वाटतेय?"

"खूप वाटतेय. चल."

बोगद्याचं छत नाकापासून चार बोटांवर होतं. मशीन असं ठोकत होतं की मला डरकाळी फोडायची गरजच पडली नाही. बाईच्या एका हातात मी होतो, दुसऱ्यात फुगा. माझी अर्धी आयाळ तिने मुळापासून उपटली. अंगठा फुग्यावर टेकलेला होता. तिने मोठी प्रार्थना केली नाही. एवढंच पुटपुटली, "देवा, तू इथे मावतोस ना?" आणि मग तेच, पुन्हा पुन्हा. पंचवीस मिनिटं. फुगा दाबला गेला नाही.

ऑपरेशन झालं, गाठ निघाली. डाव्या डोळ्याची कड अंधूकच राहिली. आता सुईत दोरा लेक ओवून देते आणि बाई तिच्यावर खेकसते, म्हणजे ती बरी आहे. लिफ्टमध्ये अजूनही चढत नाही.

तीन महिन्यांनी ती डोक्याला रुमाल बांधून मुलांसमोर आली. खोकं मांडलं, चमचा काढला, मला आ वासलेला बसवला. मुलं मागे सरकली. त्या मुलीला आता नवे दात आले होते, पण प्रश्न जुनाच होता.

"नव्हतं माहीत," बाई म्हणाली. "घाबरलाही असेल. मी असते तर घाबरले असते."

मुलगी उठली. मग पुढे आली आणि तिने मनगटापर्यंत हात माझ्या तोंडात घातला. तिने तो काढला नाही.

आता माझी आयाळ विरळ आहे, पोटावर वेड्यावाकड्या टाक्यांचा व्रण आहे. उद्या मी कुणाच्या हाती लागलो तर धुवा, शिवा, हवा तर डोळाही सरळ करा. बटण मात्र लावू नका. ज्याला आत यायचंय, त्याने माझं तोंड बघूनच यावं.