कवळीवाचून अनोळखी

इमारतीच्या दाराला चेहरा ओळखणारं यंत्र बसलं आणि कुलूपवाल्या तात्यांचं डोकं फिरलं. चाळीस वर्षं ज्यांनी अख्ख्या वस्तीची कुलपं उघडून दिली, त्यांनी आता स्वतःच्या घरी शिरायला तोंड दाखवायचं. सेक्रेटरी म्हणाले, “यंत्र कधी चुकत नाही. जरा हसा बघू.” तात्या नाइलाजाने हसले, तेही कवळी घालून.

दुसऱ्याच दिवशी कवळी पेल्यात विसरून ते दूध आणायला गेले. परत आले तर यंत्र म्हणालं, “अनोळखी व्यक्ती.” तात्यांनी गाल फुगवले, मान वाकडी केली, एक ठेवणीतली शिवीही हासडली. यंत्राचं आपलं तेच.

सेक्रेटरी गॅलरीतून म्हणाले, “कवळी लावून या ना, तात्या.”

“कवळी आत आहे आणि मी बाहेर.”

“मग थांबा. कंपनीला फोन लावतो. तासाभरात माणूस येईल.”

यंत्र नवं होतं, पण त्याखालचं कुलूप कधीकाळी तात्यांनीच बसवलेलं. त्यांनी दुधाची पिशवी पायरीवर ठेवली आणि खिशातून वाकडी तार काढली. सेक्रेटरींचा फोन लागायच्या आत दार उघडलं.

सेक्रेटरी धापा टाकत खाली आले. “याला घरफोडी म्हणतात, तात्या. मला लेखी तक्रार करावी लागेल.”

“खुशाल करा,” तात्या जिना चढत म्हणाले. “फक्त नाव ‘अनोळखी व्यक्ती’ असंच लिहा. तुमचं यंत्र कधी चुकत नाही.”