न उलटलेली कॅसेट

माझ्या वरच्या कडेला दोन चौकोनी खाचा आहेत, प्रत्येकी साधारण अर्धा सेंटिमीटर. एक रिकामी आहे. दुसरीत वहीच्या कागदाचा तुकडा, चार घड्या घालून, घट्ट बसवला आहे. खाच रिकामी असली की त्या बाजूवर नवे काही टेप होत नाही. गाण्यांच्या विकत मिळणाऱ्या कॅसेटच्या दोन्ही खाचा रिकाम्याच असतात. माझी एक बुजवली आहे, म्हणजे त्या बाजूवर कोणीतरी काहीतरी टेप केले आहे. एवढे साधे अनुमान आठ वर्षे कोणी काढले नाही.

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. माझा जन्म १९९५ साली मुंबईतल्या एका लहान स्टुडिओत झाला. माझ्यावर गाणारा जनार्दन गुहागरकडचा. कोकणातल्या जाखडीत मुख्य शाहिराच्या मागे उभे राहून ओळ उचलून धरतात, त्यांना झीलकरी म्हणतात. जनार्दनने नऊ वर्षे झील धरली. माझ्यावर तो प्रथमच एकटा गायला. पहिल्या बाजूची चारही गाणी त्याची स्वतःची होती. दुसऱ्या बाजूचे पहिले गाणे मात्र कंपनीने त्याच्या मनाविरुद्ध सिनेमाच्या चालीवर गाऊन घेतले. त्या गाण्याची त्याला लाज वाटे.

मी दुकानात येण्याआधीच तो मस्कतला एसी दुरुस्तीच्या कामावर रुजू झाला होता. त्या गणपतीत गावोगावच्या मंडपांत माझी पहिली बाजू वाजली. लोक त्याला शाहीर म्हणू लागले, आणि शाहीर मस्कतच्या माबेला भागातल्या एका गच्चीवर कंप्रेसर खोलत बसला होता.

पुढच्या मार्चमध्ये मी त्याच्याकडे पोहोचले. गावाहून परतणाऱ्या एका माणसाच्या पिशवीतून, कोकमांच्या पुड्याखालून. बायकोने, प्रभावतीने, पाठवली होती. जनार्दनने मुखपृष्ठावरचा आपला फेटा बघितला आणि खोलीतल्या साध्या टेपरेकॉर्डरवर मला लावले. पहिली बाजू संपली की तो मला उलटवत नसे. मागे फिरवून पुन्हा पहिलीच लावी.

त्या शुक्रवारच्या सुट्टीत तो मला खिशात घालून फोन करायला गेला. गावचा फोन त्याच्या थोरल्या भावाच्या दुकानात होता. घरची पत्रेही तो भाऊच लिहायचा आणि वाचायचा. रिसिव्हरमधला प्रभावतीचा आवाज मला पुसट ऐकू आला.

"कॅसेट ऐकलीत?"

"ऐकली तर! शंभरदा ऐकली."

"मग?"

"मग काय? झकास आहे."

पलीकडे कोणीतरी वजनाचे माप आपटले. मग ती म्हणाली, "बरं."

ऑगस्टमध्ये जनार्दनची आई, रखमाबाई, वारली. त्याला कळले तेव्हा दिवसकार्य उरकले होते. आईला सहा महिने दुखणे होते आणि आपल्याला कोणी सांगितले नाही, हे त्याला तेव्हा समजले. तो फोनवर ओरडला, "मला कळवायला तोंड नव्हतं तुला?"

"तोंड होतं," प्रभावती म्हणाली. "कान नव्हते." आणि तिने फोन ठेवला.

त्याला तो उद्धटपणा वाटला. मला त्याचा अर्थ माहीत होता. पण कॅसेटला आपणहून बोलता येत नाही. आमच्या फितीवर लोहाच्या ऑक्साइडचे कण असतात. जे ऐकवले ते धरून ठेवणे एवढेच त्यांना जमते.

त्याने मला मोज्यात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी टाकले. तो गायचा थांबला. गावाहून बारीसाठी, जाखडीच्या सामन्यासाठी, निरोप येत; तो म्हणे, "पुढच्या गणपतीला बघू." रजा निघे, तो म्हणे, "पुढच्या वर्षी." घरी मनीऑर्डर जाई, शब्द जात नसे. धुळीने आणि न गाण्याने त्याचा गळा खरवडल्यासारखा झाला.

२००४ साली कंपनीने माणसांना नव्या खोल्या दिल्या. जनार्दनचे सामान पिकअपमध्ये चढवताना ट्रंकेचे झाकण निखळले आणि मी बाहेर पडले. चालवायला नूरुद्दीन होता, रत्नागिरीच्या खाडीपट्ट्यातला, त्याचा नऊ वर्षांचा सोबती.

"अरे, हा फेटेवाला नवरदेव कोण?" त्याने मला उचलले.

"ठेव ती."

"आता नाय ठेवत. तुझा गळा नि तो जुना कंप्रेसर, दोघांतलाही गॅस गेलाय. होता तेव्हा कसा होता ते तरी ऐकू दे."

आधी किनाऱ्यावरच्या खाबुरा गावाला एका बागेतला एसी बघायचा होता. परत येताना नूरुद्दीनने मला लावले. पहिली बाजू वाजली. जनार्दन खिडकीबाहेर बघत होता. दुसऱ्या दिवशी त्याला आणखी दोन वर्षांच्या करारावर सही करायची होती.

गाडीतला टेप नवा होता. बाजू संपली की तो आपोआप दुसरी लावी.

"बंद कर, पुढचं भिकार आहे," जनार्दन म्हणाला. पण गाणे लागलेच नाही. खट् झाले, कोंबडी ओरडली, आणि प्रभावती हळू आवाजात बोलू लागली.

"अहो, हे गाणं तुम्हाला आवडत नव्हतं, म्हणून त्याच्यावरच बोलते. तुमचं चांगलं गाणं पुसवेना. आईंच्या पोटात गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, गणपती दिसायचे नाहीत. भावोजी म्हणतात, कळवायचं नाही, त्याचा करार मोडेल. दुकानातल्या फोनवर मला बोलता येत नाही. म्हणून हे. तुम्ही या. त्या रोज तुमची गाणी लावायला सांगतात…"

मग लांबून, खाटेवरून, दुसरा आवाज आला. "कुणाशी बोलतेस गं?"

"कुणाशी नाय, आई."

खट्. आणि सिनेमाच्या चालीचे ते गाणे मध्यावरून सुरू झाले.

नूरुद्दीनने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. जनार्दनने मला बाहेर काढले आणि अंगठ्याने ती कागदाची घडी चाचपली. कागदावर प्रभावतीच्या हातचे, अर्धे कापले गेलेले एक अक्षर होते.

मित्रांनो, मी आता फेकण्याच्या लायकीची झाले आहे आणि माझी फीत ताणली गेली आहे. माझी एवढीच विनंती आहे. कोणी तुमच्याकडे आपला आवाज सोपवला, तर आवडते तेवढेच ऐकून थांबू नका. 'ऐकले' म्हणण्याआधी दुसरी बाजूही ऐका. मी तिथेच होते, हाताच्या अंतरावर, आणि एक म्हातारी वाट बघत गेली.

त्या थांबलेल्या गाडीतच नूरुद्दीनने आपला मोबाइल पुढे केला. आता घरी फोन होता. बराच वेळ घंटी वाजली.

"कोण?"

"मी."

तिने फोन ठेवला नाही.

"कॅसेट ऐकली, प्रभा. आज ऐकली."

मग ती म्हणाली, "आता कशाला? आईंना जाऊन आठ वर्षं झाली."

त्याने घसा साफ केला. तो साफ झाला नाही. त्याच फाटक्या आवाजात तो म्हणाला, "उद्या सही करत नाही. मी घरी येतो."