कुडीत जीव

"जीव ओतून काम करते हो मी!" असं एका गिऱ्हाइकावर मी खेकसले, आणि माझ्या धाकट्या बहिणीने ते छापून आणलं.

त्या बाईंचं म्हणणं होतं की यंत्रावर केलेली चांदीची पानं याहून गुळगुळीत असतात. असतात ना, प्लास्टिकची केळीही गुळगुळीत असतात, खा म्हणावं. पण धाकटीने माझ्या बोलण्यातला राग गाळला, जीव तेवढा ठेवला आणि आठवडाभरात कार्डांचा गठ्ठा माझ्यासमोर आदळला. वर कानातली अडकवायला दोन भोकं आणि खाली हिरव्या अक्षरांत: 'आमच्या कुडीत जीव आहे.'

"बघ ताई, कुडी म्हणजे कानातली आणि कुडी म्हणजे देहसुद्धा. एका दगडात दोन पक्षी!"

"दोन्ही मरतात त्यात," मी म्हणाले. पण गठ्ठा छापून झाला होता. आणि विकायचं खातं धाकटीचं, घडवायचं माझं, असं आमचं पहिल्यापासून ठरलेलं.

घडवायचं म्हणजे काय, तर मी रस्त्याने खाली मान घालून चालते. पानं, शेंगा, बियांची टरफलं, पाय वर करून पडलेले भुंगे, जे सापडेल ते पदरात. घरी आणून त्यांचे मेणात ठसे घ्यायचे, मेणाभोवती प्लास्टर ओतायचं, मेण जाळून टाकायचं आणि राहिलेल्या पोकळीत चांदी सोडायची. मग कानस, मग जोडायला डाख, मग पॉलिश. मागच्या खोलीत मी आणि माझी भट्टी, पुढच्या खोलीत धाकटी, काउंटर आणि गिऱ्हाइकांना टेकायला एक बाक.

त्या बाकाचा दवाखाना झाला.

सुरुवात बँकेतल्या कॅशियर बाईंनी केली. आल्या, पर्समधून आमच्याच पिंपळपानांची जोडी काढली आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "डावी छान आहे हो. उजवी मलूल वाटते."

मी बघितलं. चांदी काळी पडली होती, दुसरं काय! "पुसा फडक्याने," मी म्हणाले.

"थांब गं ताई," धाकटी मध्ये पडली. "तुम्ही दोघींना एकाच डबीत कोंडता का? मग बरोबर. हवा लागू द्या जरा. आणि डावीचं फार कौतुक करू नका उजवीसमोर."

कॅशियर बाईंचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "करते हो मी. करते खरी."

तिथून जी रीघ लागली! गाडी चालवायला शिकवणारे मास्तर आले. त्यांचा टायपिनवरचा भुंगा डावीकडे वळताना घाबरायचा. एक नर्स आली, तिने ड्यूटी संपवून आपल्या करंजाच्या शेंगांना नळी लावून पाहिली होती. ठोके नियमित होते, पण तिला दुसरं मत हवं होतं. एका नवऱ्याने तक्रार आणली की बायकोचा चतुर रात्रीचा ब्रोचवरून उठून पाण्याच्या माठावर जाऊन बसतो. "आणि परत येतो ना सकाळी?" धाकटीने विचारलं. येतो म्हणाले. "मग तुमचं काय जातं?"

मी कंठशोष केला. "अहो, चांदी आहे ती! धातू! मी ओतलीय या हातांनी!" तर लोक डबीवर हात ठेवायचे, म्हणजे आतलीला ऐकू जायला नको. धाकटीने मला स्वयंपाकघरात बोलावून दम भरला.

"ताई, निर्जीव-बिर्जीव म्हण हवं तर, लोक तुझा विनय समजतात. पण ते मेला-मेली बंद कर. हा मेला डाख, ती मेली कानस... माणसांना लागतं ते."

"माझ्या तोंडाचं वळण आहे ते. आईचंही होतं."

"आईच्या दुकानात जिवंत माल नव्हता," धाकटी म्हणाली. मला वाटतं, एव्हाना तिचाही विश्वास बसला होता.

या सगळ्या येडेपणात शहाणा माणूस एकच, समोरच्या दुकानातले घड्याळजी. त्यांचं-माझं रोज एक भांडण ठरलेलं. ते माझा बारीक चिमटा नेतात आणि विसरतात, मी त्यांचं भिंग आणते आणि विसरते. मग दोघंही रस्त्याच्या आपापल्या कडेला उभं राहून एकमेकांचा उद्धार करतो. त्यांच्या बायकोला, वहिनींना, मी शेवग्याच्या शेंगांच्या कुड्या करून दिल्या होत्या. लांब नव्हेत, कोवळ्या, बोटाच्या पेराएवढ्या. गेल्या वर्षी वहिनी वारल्या. एक कुडी त्यांच्याबरोबर गेली, एक घरी राहिली. घड्याळजी दुसऱ्या दिवशी दुकान उघडून बसले आणि चिमटा मागायला आले. मी म्हटलं, बरं झालं, माणूस सावरला.

कसला सावरतोय! त्यांची मुलगी दूर राहते. तिने त्यांना आपल्याकडे न्यायचं ठरवलं. बाबा बिस्किटांवर जगतात, बाबा स्टुलावरून पडले, बाबा फोनवर 'हो हो' म्हणतात आणि ठेवून देतात. तिचं काहीच चुकत नव्हतं. आणि घड्याळजी तिला काय म्हणाले? "कुडीत जीव आहे तोवर मी इथून हलणार नाही."

कुठलाही बाप म्हणेल असंच वाक्य. पण मुलगी वैतागून म्हणाली, "कुठल्या कुडीत, बाबा?" आणि घड्याळजींनी खिशातून काडेपेटी काढून तिच्यासमोर उघडली. आत कापसावर शेवग्याची शेंग.

"हिच्यात. ही गेली की मी मोकळा. मग तू म्हणशील तिथे येईन. शब्द दिला."

मुलगी हुशार. तिने वाद घातला नाही. ती सूटकेस घेऊन थेट माझ्याकडे आली, मला मागच्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

"मावशी, तुम्ही घडवलीत ती. तुमचं ते ऐकतील. उद्या सकाळी घेऊन येते त्यांना. तुम्ही तपासा आणि गेली म्हणून सांगा. तुम्ही तर सगळ्यांना तेच सांगता ना, की जीव नाही म्हणून?"

"हो, पण..."

"मग? खोटं कुठे बोलायचंय तुम्हाला?"

ती गेल्यावर धाकटी आली. "जिवंत आहे म्हण. एवढंच म्हण. ते राहतील."

माझी झाली ना पंचाईत! जीव आहे म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर समोरच्या शटरला कुलूप. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे कबूल करायला मला लाज नाही. मला ते जायला नको होते. इतकं साधं आहे ते. सकाळी भट्टी पेटवली की समोरून त्यांचं खाकरणं ऐकू येतं, ते ऐकल्याशिवाय माझा हात चालत नाही. पण त्यांची पोर घाबरली होती तेही खरं होतं, आणि बिस्किटांवर माणूस किती जगणार?

सकाळी बाक भरलेला. बातमी फुटायला या गल्लीत वेळ लागत नाही. कॅशियर बाई रजा टाकून आल्या होत्या. मास्तर होते, नर्स नळीसकट होती, चतुरवाले बायकोला घेऊन आले होते. घड्याळजी इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि दोन्ही हातांनी काडेपेटी माझ्यापुढे धरली. मागे मुलगी, तिच्या हातात सूटकेस.

"बघा बाई," घड्याळजी म्हणाले. "जे असेल ते खरं सांगा. तुम्ही मला कधी खोटं सांगितलं नाहीत, चिमट्याच्या बाबतीत सोडलं तर."

मी हात पुसले. भिंग डोळ्याला लावलं, त्यांचंच होतं. चिमट्याने शेंग उचलली. काय सांगायचं ते मी अजून ठरवलं नव्हतं, देवाशपथ नव्हतं ठरवलं. बोटांना घाम आला होता. शेंग सटकली, काउंटरवर टणकन वाजली आणि बाकाखाली गडगडत गेली.

"अगं बाई!" मी ओरडले. "मेली!"

बस्स. तोंडातून गेलं ते गेलं.

घड्याळजींनी चष्मा काढला. मास्तर उभे राहिले. नर्सने सवयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून वेळ पुटपुटली. कॅशियर बाईंनी दोन्ही हात आपल्या कानांवर दाबले, म्हणजे पिंपळपानांना कळायला नको. आणि मुलीने सुटकेचा की दुःखाचा ते न कळणारा एक हुंदका देऊन फोनवर सामान न्यायला गाडी बोलावली.

"अहो नाही!" मी म्हणाले. "मेली म्हणजे मेली नव्हे! नुसती मेली! आपण म्हणतो ना, मेली कटकट, मेलं ऊन, तशी मेली!"

"म्हणजे किती मेली?" चतुरवाल्यांनी विचारलं.

"तुला हजारदा सांगितलं होतं," धाकटी रडत म्हणाली.

घड्याळजी बाकाखाली वाकले. गुडघे मोडत त्यांनी शेंग शोधली, फुंकर मारून कापसावर ठेवली आणि काडेपेटी मिटली. "असू दे बाई. कधीतरी व्हायचंच होतं. तुम्ही कशाला वाईट वाटून घेता?" आणि मुलीकडे वळून म्हणाले, "चल. शब्द दिलाय."

ते खरंच निघाले. उंबऱ्यापर्यंत गेले. सगळे माझ्याकडे बघत होते. धाकटी ओठांनी नुसतं 'जिवंत, जिवंत' करत होती. एक शब्द बोलले असते तर काम झालं असतं. पण त्या माणसाने खरं मागितलं होतं, आणि मला तर संताप अनावर झाला होता, त्यांचा, माझा, त्या हिरव्या कार्डाचा.

"घड्याळजी! थांबा!" मी काउंटरच्या बाहेर आले. "तिच्यात जीव नव्हता! आज नाही, काल नाही, कधीच नव्हता! चांदी आहे ती, मी ओतलीय, तुमच्या त्या शटरशेजारच्या झाडाखालची शेंग उचलून! जीव ओतला-बितला मी म्हणाले ते बोलायचं असतं म्हणून! आणि तुम्ही जाऊ नका. मला आवडणार नाही तुम्ही गेलात तर. झालं!"

घड्याळजी उंबऱ्यात उभे होते. बिघडलेलं घड्याळ उघडल्यावर ते जसे बघतात तसे माझ्याकडे बघत राहिले.

"कधीच नव्हता?"

"कधीच नाही."

"नक्की?"

"माझ्याइतकं नक्की कोण सांगणार?"

ते हळूहळू परत आत आले. "मग ती मेली कशी? जी जिवंतच नव्हती, ती मरेल कशी?"

मास्तरांनी मान डोलावली. नर्सने नळी गळ्यातून काढली.

"ही गेली की मी येईन, असा शब्द होता," घड्याळजी मुलीला म्हणाले. "ही जाऊच शकत नाही. म्हणजे मी येऊच शकत नाही."

"बाबा!" मुलगी किंचाळली. "हा काय शब्दांचा खेळ लावलाय? मी तिकडे रात्र रात्र जागते! एक फोन वाजला की वाटतं, तुमचंच काहीतरी झालं!"

मला वाटलं, आता ते जिंकल्यासारखे हसतील. ते हसले नाहीत. काडेपेटी त्यांनी काउंटरवर ठेवली, उगाच ठेवावी तशी, आणि हात मोकळे सोडले.

"हिच्यात नव्हता," ते म्हणाले. "तिच्यात होता. तुझ्या आईत होता जीव, बाळ. ती मेली."

हा शब्द वहिनींसाठी त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. माझ्या तोंडून दिवसाला शंभरदा जाणारा शब्द, पण असा मी कधी म्हटलेला नाही.

मुलीने फोन बंद केला. तिचा चेहरा एकदम लहान पोरीसारखा झाला. "तुम्ही दुसऱ्या दिवशी दुकान उघडलंत, बाबा," ती म्हणाली. "मी घरात एकटी बसले होते आणि तुम्ही शटर वर केलंत."

"हो, केलं."

"मला वाटलं, तुम्हाला काही..."

"मला काय करायचं ते कळेना गं. दुकान उघडता येत होतं, ते उघडलं." त्यांनी तिच्या हातातली सूटकेस घेतली. "येतो मी तुझ्याकडे. राहायला नाही. आपण दोघं बसून रडलोच नाही अजून, तेवढं करू आणि परत येईन."

कॅशियर बाई बाकावर सरकल्या आणि त्यांनी दोघांना जागा करून दिली. पण गाडीपर्यंत कुठला धीर निघतोय, तिथेच दोघांचं रडणं सुरू झालं. मी धाकटीला खूण केली, आम्ही सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार ओढून घेऊन रस्त्यावर उभ्या राहिलो.