खांद्याची हळद

माह्या घरात सवत होती, आणि ती लाल रंगाची होती.

आमचे हे, म्हणजे रुपराव, वीज मंडळात नोकरीले. रामदासपेठेत भाड्याच्या दोन खोल्या आणि मागे टिनाचं गॅरेज. खोल्यांत आमचं सामान मावत नव्हतं, पण गॅरेज तिच्या एकटीच्या मालकीचं. एम.जी. म्हणे तिचं नाव. उघडी, बुटकी, दोनच माणसं बसणारी शर्यतीची विलायती गाडी. मनसरकडच्या खाणीवरल्या एका साहेबानं हौसेनं आणली, थोडीशी पळवली आणि तो आपल्या देशी निघून गेला. मंग ती बंगल्यामागे कितीतरी वर्षं ताडपत्रीखाली पडून राहिली. आमच्या यायनं घरी आणली तवा तिचा लाकडी सांगाडा उधईनं पोखरला होता, सीटमध्ये उंदरं होते आणि मीटरवर जेमतेम चार हजार मैल होते. ते मीटर पाहून यायचे डोळे असे चमकले! लग्नात मले पाहून नव्हते चमकले.

"जयवंते, इतकी कमी चाललेली गाडी अख्ख्या नागपुरात सापडणार नाही," मले म्हणतात.

"मी तरी कुठं फार चालली? मले कुठं नेलं तुम्ही?" मी म्हटलं. पण ऐकते कोण!

चार वर्षं तेच चाललं. इतवारीतल्या सुताराकडून सांगाडा नवा करून घेतला. कार्बोरेटर माह्या परातीत रॉकेलमध्ये भिजत पडे आणि मी ताटात कणिक मळे. दर रविवारी ग्रीस, दर रविवारी पुसणं, तेही माह्या मऊ लुगड्याच्या फडक्यानं. एकाच जागी उभी राहून टायर बसू नये म्हणून चाकं हातानं थोडी थोडी फिरवून ठेवत. इंजिन चालू करून कान लावून बसत, जसा काही नाडीपरीक्षा करणारा वैद्यच. आणि एवढं करून गाडी बाहेर काढायची नाही! फार झालं तर गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन वापस. काहून? तर मीटर चढते. आता सांगा, याले काय म्हणावं?

त्या साली उन्हाळा संपता संपता मामाजी, म्हणजे माह्ये सासरे धोंडबाजी, आमच्याकडे राहाले आले. पारशिवनीकडे आमचं गाव. सासूबाई आधीच गेलेल्या. मामाजीच्या गुडघ्यानं असा दगा दिला, की ते महिनाभर अंथरुणावरून उठले नाहीत. शेवटी हेच गेले, वावर दुसऱ्याले कसाले दिलं, घराले कुलूप लावलं, चांद्या आणि पाखऱ्या ही बैलजोडी शेजारच्या नवेगावातल्या ताराचंदले विकली आणि बापाले नागपूरले घेऊन आले. जोडी कोठ्यातून गेली तवा मामाजी आत खाटेवर पडून होते. त्यायनं फक्त घुंगरं ऐकले.

मी त्यायच्यासाठी कपाटातला एक कप्पा रिकामा केला, खाली नवा कागद अंथरला. पण मामाजीनं आपली कापडी पिशवी काही खोलली नाही. पलंगाखाली ठेवली. धोतर धुतलं, वाळलं का घडी करून परत पिशवीत. माणूस स्टेशनावर बसते ना, तसे आमच्या घरात बसून राहत. बोलणं नाही. पुढं ठेवलेल्या भाकरीतली अर्धी तशीच ताटात राहे. दोन-चार दिवस झाले का पोराले म्हणत, "रुपा, मले गावाले सोडून दे गा."

"तिथं कोण आहे बाबा? कुलूप आहे तिथं," हे म्हणत.

डॉक्टर म्हणे तब्येत ठीक आहे. ठीक आहे म्हणे! माणूस डोळ्यादेखत वाळून राहिला होता. माह्या वडिलांचं तोंड मले आठवत नाही, मी एवढीशी होती तवाच ते गेले. या घरात आल्यावर पहिल्यांदा मले कोणी 'जेवली का वं?' विचारलं असन तर ते या माणसानं. तो माणूस माह्याच घरातून पिशवी घेऊन निघून जाईल, नाहीतर तसाच बसल्या बसल्या संपून जाईल, या भेवानं माह्या जिवाले घोर लागला होता. मी त्यायच्यावर चिडे, भाकरी पुढं आपटे आणि आत जाऊन रडे.

गाडीचं मामाजीले पहिले कौतुक नव्हतंच. "चारा खात नाही, शेण देत नाही, बंडीले जुंपता येत नाही. काय कामाची गा ही?" पण हळूहळू ते गॅरेजच्या दाराशी बादली उपडी करून बसाले लागले. पोरगा गाडी पुसे आणि बाप पाहे. एक दिवस उठून त्यायनं पुढच्या चाकावरच्या मडगार्डवरून हात फिरवला. तिचे ते मडगार्ड मोठे, गोल, खाली उतरत आलेले.

"खांदा भरला आहे," म्हणाले. "चालवत काहून नाहीस?"

"मीटर चढते बाबा."

"बसून राहिलेलं जनावर मंग उठाले मागत नाही रुपा," एवढंच बोलले आणि बादलीवर जाऊन बसले. हे हसले. मले मात्र हसू आलं नाही.

श्रावण सरत आला. पोळ्याच्या सुट्टीले कस्तुरचंद पार्कावर जुन्या गाड्यांचा मेळावा भरणार होता आणि यायनं नाव दिलं होतं. सगळ्यात कमी चाललेली, सगळ्यात जपलेली गाडी आपलीच, ढाल आपल्यालेच, असं यायचं पक्कं ठरलेलं. म्हणून आठवड्याभरापूर्वीच तिले नवा लाल रंग मारून घेतला. रंग अजून पुरता सुकला नव्हता, तर आमाले गॅरेजजवळ जोरात श्वास घ्यायचीही चोरी!

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी इतवारीतून चण्याची डाळ आणि गूळ घेऊन घरी आली. पाहते तर गॅरेजचं दार उघडं. आतून आवाज येऊन राहिला होता. मामाजीचा आवाज! असा मोकळा, भरलेला आवाज मी त्यायच्या तोंडून कितीक दिवसांत ऐकला नव्हता.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकतात. लोणी आणि हळद कोमट करून, वर्षभर जू वाहिलेला तो खांदा पळसाच्या पानानं चोळतात, शेकतात आणि बैलाले दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन देतात. माह्या स्वयंपाकघरातली लोण्याची वाटी जमिनीवर होती. मामाजी एका हातानं दाराची चौकट धरून, दुखरा गुडघा वाकडा करून उभे होते, आणि त्या नव्याकोऱ्या लाल मडगार्डवर पळसाच्या पानानं हळद चोळून राहिले होते. आधी उजवा खांदा, मंग डावा. बाप्पा बाप्पा! माह्या हातातली पिशवी खाली पडली.

तेवढ्यात मागून यायची सायकल आली.

"बाबा! काय केलं हे!" असे ओरडले की शेजारचे चंपतराव कुंपणाशी आले. "चार वर्षं, बाबा! चार वर्षं हिच्या अंगावर डाग पडू दिला नाही मी!"

मामाजी पान हातात घेऊन तसेच उभे. "डाग नाही गा तो," म्हणाले. "हळद आहे. उद्या पोळा आहे ना. घरात दुसरं कोण आहे खांद्याचं?"

यायनं फडकं घेऊन पुसलं. लोणी निघालं, पण कच्च्या रंगात कोमट हळद बसली होती. पुसलं तिथं रंगच ओढला गेला. एका बाजूले तर मामाजीचा अख्खा पंजा उमटलेला, बोटं न् बोटं. यायनं फडकं फेकून दिलं.

मामाजीनं पान खाली ठेवलं. "उद्या मले गावाले सोडून दे," म्हणाले आणि भिंत धरत धरत आत गेले.

मंग मात्र माह्यं डोस्कं फिरलं. "लोखंडाले बोट लागलं तर एवढा जीव गेला तुमचा?" मी म्हटलं. "तो माणूस इथं आल्यापासून आज पहिल्यांदा आपल्या मनानं काही कराले उठला. वाटी शोधली, लोणी कोमट केलं, पळस कुठून आणला देव जाणे. तो गुडघा घेऊन उभा राहिला. ते नाही दिसलं तुमाले? मीटर तेवढं दिसते!"

 हे बादली उपडी करून तिच्यावर बसून राहिले, बाप बसे तसे.

सकाळी मी पुरण शिजवत होती. बाहेर गाडीचं दार वाजलं. मी म्हटलं, झालं, निघाले मेळाव्याले. रागानं डाव आपटला आणि बाहेर आली, तर गाडी गॅरेजच्या दारात, आणि हे तिले मागून ढकलून राहिले, घामाघूम. इंजिन बंद.

"चालू करा ना," मी म्हटलं.

"आज पोळा आहे," हे म्हणाले. "आज जुंपत नसतात." आणि मंग घराकडे तोंड करून हाक मारली. "बाबा! पूजा कशी करतात, मले येत नाही. तुम्ही दाखवत नाही तर कोण दाखवणार?"

मामाजी दारात आले. गाडीकडे पाहिलं. पंजा तसाच होता, त्यावर रंगाचा दुसरा हात मारला नव्हता.  मंग म्हणाले, "नुसती ढकलून राहिला का गा बह्याडा? कासरा कुठं आहे?"

कपडे वाळू घालायची दोरी मी सोडून दिली. मामाजीनं ती पुढच्या बंपरले बांधली, हातात धरली आणि एक एक पाऊल टाकत पुढं चालाले लागले. मागून हे आणि चंपतराव ढकलून राहिले. गल्लीच्या तोंडाशी आंब्याच्या पानाचं तोरण बांधलं होतं, तिथवर नेली. गल्लीतले लोक पोट धरून हसले. हसू द्या! मी दिवा बोनेटपुढं धरून ओवाळलं, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. मामाजीनं पंजा उमटला होता तिथंच परत हात ठेवला.

आणि तिथं, सगळ्यांसमोर, पोराकडे वळले. "माह्या जोडीचे खांदे औंदा कोणी शेकले असन का रुपा?" म्हणाले. "गेले तवा मी हातही नाही फिरवला त्यायच्या अंगावर. जा म्हणूनही नाही म्हटलं."

तवा आमाले कळलं. गावाले सोडून दे, सोडून दे म्हणत होते ते यासाठी. यायनं बापाच्या हातातला कासरा घेतला. "उद्या नेतो बाबा. नवेगावले. हिच्यातच."

"मीटर चढन ना गा?"

"चढू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक निघाले. दोनच सीटा, माहा नंबर नव्हताच. मामाजीनं डोक्याले पांढरा दुपट्टा घट्ट बांधला होता. मी पुरणपोळ्या फडक्यात बांधून दिल्या. वाटलं, जोडी पाहतील, गाव पाहतील आणि म्हणतील, आता मले इथंच राहू दे. ती लाल गाडी इतका आवाज करत गेली की गल्लीतले कुत्रे भुंकले. आवाज ऐकू येईनासा झाला तरी मी फाटकातच उभी.

घरात येऊन आधी पलंगाखाली पाहिलं. पिशवी नव्हती. मी खालीच बसली आणि मोठ्यानं रडली, कोणी ऐकाले नव्हतं म्हणून.

मंग डोळे पुसाले पदर ओला म्हणून दुसरं फडकं काढाले कपाट उघडलं. त्या रिकाम्या कप्प्यात दोन धोतरं होती. घडी केलेली. अंगात घालायची बंडी होती, चष्म्याचं घर होतं, सासूबाईचा फोटो होता. आणि सगळ्यात खाली, नव्या कागदावर, ती रिकामी पिशवी चापूनचोपून ठेवलेली.

दिवेलागणीले गाडी आली. धुळीनं लाल आहे का मातकट, काही समजत नव्हतं. मामाजीच्या केसात धूळ, भुवयांत धूळ. उतरता उतरताच बोलाले लागले, आणि बोलतच राहिले. "ताराचंद माणूस चांगला आहे वं. खांदे शेकले होते त्यानं. चांद्यानं मले लांबूनच ओळखलं. आणि ऐक ना, त्यानं काय केलं? गाडीजवळ आला, हुंगलं, आणि ह्या पंजावरची हळद चाटून काढली! रुपा म्हणाला, चाटू द्या बाबा!"

हे मागे उभे राहून हसून राहिले होते. यायचे डोळे लाल होते. धुळीनं झाले असन.

मामाजी पायरीवर बसले, गुडघा सरळ केला आणि माह्याकडे पाहिलं.

"सूनबाई," म्हणाले, "दोन भाकरी टाक वं. भूक लागली."