पुण्याला गेलेली गाठ

संगमनेरजवळच्या वाडीत राहणारी लंका लग्नानंतर तिसऱ्या वर्षी घोगरं बोलू लागली. आधी सर्दी म्हणून सोडून दिलं. मग पाळी थांबली, हनुवटीवर राठ केस आले. ती तोंडावर पदर धरून बोलू लागली आणि पुढंपुढं बोलेनाशीच झाली. बाहेरची बाधा आहे, असं भावकीत म्हणू लागले. नवरा, गोरक्ष, मान खाली घालून ऐकून घ्यायचा. सासू रंगुबाईनं मात्र एके सकाळी तिला एसटीत बसवलं आणि नगरच्या दवाखान्यात आणलं.

डॉक्टर बोगावतबाईंनी पोट दाबून पाहिलं. डावीकडं, अंडाशयात गाठ होती. अशी गाठ फार क्वचित होते, त्या म्हणाल्या. पुरुषाच्या अंगात असतो तसला रस ती सोडते, म्हणून हे सगळं. लंकाला रडू कोसळलं. कुणी काही केलं नव्हतं, तिचंही काही चुकलं नव्हतं.

ऑपरेशनात बाईंनी तेवढंच अंडाशय काढलं. गाठ न फुटता निघाली आणि तपासायला पुण्याला गेली. तिथून वाईट कळलं तर गर्भाशय आणि दुसरं अंडाशयही काढावं लागणार होतं. ते ऐकून रंगुबाई बाईंच्या मागोमाग व्हरांड्यात गेली. लंकाला खाटेवर सगळं ऐकू आलं.

"समदं आत्ताच काढा, बाई. नातवंडाचं ऱ्हाऊ द्या. पोरगी जगली पायजे."

पुण्याहून कळेपर्यंत थांबा, असं बाईंनी तिला सांगितलं. वर्षभर लंका ह्याच सासूची नजर चुकवत आली होती. तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

पुण्याहून कळलं तेव्हा बाई खाटेशी येऊन बसल्या.

"गाठीतल्या पेशी नळ्यानळ्यांसारख्या नीट रचलेल्या आहेत. विस्कटलेल्या असत्या, भराभर वाढत असत्या, तर मला धास्ती होती. आता दुसरं ऑपरेशन नको. पण दरवर्षी दाखवायला यायचं."

"आन् आवाज?" लंकानं विचारलं.

"केस विरळ होतील, पाळी येईल. आवाज बहुतेक असाच राहील."

तसंच झालं. ऑपरेशननंतर तिसऱ्या वर्षी लंका तपासायला आली ती पोटुशी होती. गाठ पुन्हा झालेली नव्हती. व्हरांड्यात तिचं बोलणं ऐकून एका अनोळखी बाईनं, हिचा आवाज असा कसा, म्हणून विचारलं.

"मोठ्या दुखन्यातून उठलीय माझी सून," रंगुबाई म्हणाली, आणि बाकावर सरकून तिनं लंकाला जागा दिली.